चादरीत विणलेली जाहिरात

सोलापूर बघायचं असेल तर संक्रांतीला या. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, अशी आख्यायिका आहे. त्या लग्नाचा सोहळा अजून दरवर्षी होतो. बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज पेलत निघतात, रस्त्यावर रांगोळ्यांचे गालिचे पडतात आणि होम मैदानावर गड्डा भरतो. म्हणजे पाळणे, भांडी, खेळणी, मौत का कुआँ आणि कान किटवणारे भोंगे.

मला गड्डा बघताना नेहमी जागतिक प्रदर्शनं आठवतात. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनाला साठ लाख भेटी झाल्या, पण मांडलेल्या वस्तूवर किंमत लिहायला बंदी होती! आमच्याकडे किंमतच आधी ओरडून सांगतात. १८९३च्या शिकागोत आयफेल टॉवरला उत्तर म्हणून जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने २६४ फूट उंच चक्र उभं केलं. एका फेरीला पन्नास सेंट, म्हणजे अख्ख्या प्रदर्शनाच्या तिकिटाएवढे. तसल्याच चक्राचं धाकटं भावंड होम मैदानावर फिरतं. आपण त्याला आकाशपाळणा म्हणतो. त्याच शिकागोत बफेलो बिलला आवारात जागा नाकारली, तर पठ्ठ्याने शेजारचीच जमीन भाड्याने घेऊन खेळ लावला आणि बक्कळ कमावलं. गर्दीच्या वाटेत उभं राहायचं, बस्स. आमच्या ऑफिसात यालाच ‘ट्रॅफिक’ म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास मीटिंगा होतात.

मिरवणुकीच्या वाटेवरच्या दुकानदारांना ते मीटिंगशिवाय कळतं. कुणी भाविकांच्या स्वागताची कमान लावतो, कुणी पाणी वाटतो. खाली दुकानाचं नाव असतंच.

पण सोलापूरची खरी जाहिरात फलकावर नव्हतीच. ती चादरीत होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे माग टाकले. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर निघते. छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची. कुठला धागा उचलायचा ते छिद्र ठरवतं. इंजिनिअरिंगला संगणकाचा इतिहास याच पुठ्ठ्यांपासून सुरू होतो. १८०४च्या सुमाराचं ते फ्रेंच यंत्र पुस्तकात एका परिच्छेदात उरकलं होतं. माझ्या गावात त्याच तत्त्वावर मोर विणले जातात, हे कोणी सांगितलं नाही.

याच पुठ्ठ्यांनी उत्पादक आपलं नावही चादरीत विणत. विचार करा, गड्ड्यातून चादर घेतलेला माणूस ती गावी नेणार, लग्नात आहेर करणार, एसटीत अंगावर ओढणार, पोराला गुंडाळणार. वीस वर्षं फुकटचा फलक! शिकागोच्या एकाही व्यापाऱ्याला हे जमलं नसेल, असं मला वाटतं.

आता गिरण्या बंद पडल्यात, ‘जुनी गिरणी’ नावालाच उरली आहे. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, तरी त्या नावाने बाहेरच्या स्वस्त नकला विकल्या जातात. नावाची एवढी जाहिरात विणकराने केली आणि नावावरचा गल्ला तिसराच भरतो. मानांकनाचा कागद दुकानात कोण विचारतं?

तेव्हा यंदा गड्ड्यात चादर घ्याल तर आधी ती उलटून बघा. छापील माल मागून फिका दिसतो. जॅकार्डच्या खऱ्या चादरीत मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली असते, मोर दुसरीकडे तोंड करून उभा असतो, आणि विणकराचं नाव आरशातल्यासारखं उलटं वाचता येतं.