‘प्रसार’ : राज्यघटनेतल्या एका शब्दाचा इतिहास

आज आपण राज्यघटनेच्या कलम 25 मधल्या एकाच शब्दाविषयी बोलणार आहोत. हे कलम प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते आणि आपला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. त्यातला ‘प्रसार’ हा शब्द सहजासहजी आलेला नाही. पाळक, फादर आणि चर्चचे विश्वस्त यांच्यापुढे आज ज्या कायदेशीर अडचणी येतात, त्यांतल्या पुष्कळशा या शब्दाच्या अर्थापाशी जाऊन पोचतात. म्हणून आधी इतिहास पाहू, मग व्यवहार.

सुरुवात 1947 पासून करू. 1 मे 1947 रोजी घटना समितीत कन्हैयालाल मुन्शी यांनी एक दुरुस्ती मांडली. फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबावाने झालेले धर्मांतर, तसेच 18 वर्षांखालील मुलाचे धर्मांतर कायद्याने मानू नये, अशी ती होती. मुलांच्या मुद्द्यावर मोठा वाद झाला. आईवडिलांनी धर्म बदलला तर मुलांचे काय, हा प्रश्न फ्रँक अँथनी यांच्यासारख्या सदस्यांनी लावून धरला. डॉ. आंबेडकरांनीही त्यातली अडचण दाखवली. कलम सल्लागार समितीकडे परत गेले. सरदार पटेलांच्या त्या समितीने ऑगस्टमध्ये कळवले की ही गोष्ट उघडच आहे, ती घटनेत लिहिण्याची गरज नाही. कलम गळाले.

डिसेंबर 1948 मध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी हल्ला ‘प्रसार’ या शब्दावरच होता. बिहारचे तजम्मुल हुसेन यांचे म्हणणे होते की धर्म ही खाजगी बाब आहे, त्याचा प्रसार कशाला? ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी तर कडाडून विरोध केला. शब्दाच्या बाजूने पंडित लक्ष्मीकांत मैत्र, के. संथानम, टी. टी. कृष्णम्माचारी असे सदस्य उभे राहिले. यांतले कोणीही ख्रिस्ती नव्हते, हे ध्यानात ठेवा.

आणि 6 डिसेंबरला बोलायला उठले मुन्शी. दीड वर्षापूर्वी धर्मांतराला वेसण घालायला निघालेले तेच मुन्शी. त्यांनी सभागृहाला सांगितले की भारतीय ख्रिस्ती समाजाचा सर्वांत जास्त भर याच शब्दावर आहे आणि तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. निधर्मी राज्यात आपली संख्या वाढवून कोणाला राजकीय लाभ मिळणार नाही, मग भीती कसली? मोकळ्या मनाने, स्वतःच्या विवेकाने केलेले धर्मांतर मान्य करावेच लागेल, असेही ते म्हणाले. अल्पसंख्याकांशी झालेला समझोता पाळला पाहिजे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शब्द राहिला.

पण कागदावर जिंकलेली जागा पुढे राखावीही लागते. 1954 साली त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. 1956 च्या त्यांच्या अहवालाने वाद पेटला. पुढे 1967 मध्ये ओरिसाने आणि 1968 मध्ये मध्य प्रदेशाने कायदे केले. बळ, फसवणूक किंवा प्रलोभन यांनी केलेले धर्मांतर गुन्हा ठरले. मध्य प्रदेशात तर धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवणे सक्तीचे झाले.

रायपूरचे धर्मगुरू रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी अशी माहिती द्यायला नकार दिला आणि खटला उभा राहिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. ओरिसाच्या उच्च न्यायालयाने मात्र आपल्या राज्याचा कायदा आधीच रद्द केला होता. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 17 जानेवारी 1977 रोजी, आणीबाणी चालू असताना, सरन्यायाधीश ए. एन. राय यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. दोन्ही कायदे वैध ठरले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालय म्हणाले.

मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी आपल्या ग्रंथात या निकालावर कडक टीका केली आणि तो बदलला पाहिजे असे लिहिले. मलाही त्यांचे म्हणणे पटते. सांगण्याचा हक्क आहे, तर ऐकणाऱ्याला पटून मन बदलण्याचा हक्क ओघानेच येतो. घटना समितीतली चर्चा वाचली की हे स्वच्छ दिसते. पण निकाल आजही लागू आहे, आणि कायदा आपल्याला पटो वा न पटो, पाय ठेवायचा तो त्याच जमिनीवर.

हीच न्यायव्यवस्था विवेकाच्या बाजूनेही ठाम उभी राहिली आहे. 1985 साली केरळात यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. 11 ऑगस्ट 1986 रोजी न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला लावले. गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही आणि आदराने उभे राहणे हा अपमान नाही, असे त्यांनी म्हटले. राष्ट्रगीताला सावधानमध्ये उभे राहण्यात माझा जन्म गेला. त्या मुलांच्या उभे राहण्यात मला काही उणे दिसत नाही.

आता व्यवहार. पहिली गोष्ट, आपल्या राज्याचा कायदा आजच्या रूपात वाचा. हिमाचल उच्च न्यायालयाने 2012 मध्ये आगाऊ नोटिशीची अट रद्द केली. 2019 च्या नव्या कायद्यात ती परत आली. मध्य प्रदेशानेही 2021 मध्ये नवा कायदा केला. ऐकीव माहितीवर चालू नका. दुसरी, मदत आणि उपदेश वेगळे ठेवा. धान्य, औषधे, शाळेची फी यांचा हिशेब स्वतंत्र ठेवा आणि कोणाच्याही मदतीला श्रद्धेची अट लावू नका. ‘प्रलोभना’चा आरोप इथूनच सुरू होतो. तिसरी, बाप्तिस्मा मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीची इच्छा तिच्याच शब्दांत लेखी घ्या. चौथी, ट्रस्टची कागदपत्रे आणि ऑडिट वेळेवर करा. 1954 च्या रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची देखरेख मान्य केली, पण धर्मादाय आयुक्ताला धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त नेमता येणार नाही, असेही सांगितले. हिशेब चोख असेल तर ही ढाल कामाला येते. आणि लाउडस्पीकरचा आवाज मर्यादेत ठेवा. 2000 साली चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही.

पोलीस आले तर घाबरू नका, अरेरावीही करू नका. तक्रारीची प्रत मागा, कलम कोणते ते विचारा, वकिलाला बोलवा. मुन्शींनी राखलेला तो शब्द घटनेत अजून आहे. पुढच्या भागात कलम 26 पाहू. जय हिंद.