बाईसाहेबांच्या मागचा खांब

इंग्लंडमधल्या जुन्या उमरावी हवेल्यांतून फिरताना व्हिक्टोरियाच्या काळातली एखादी बाईसाहेब तैलरंगात पूर्ण उंचीने उभी दिसते. अंगावर सॅटिन, मागे दगडी खांब, खांबाशी लाल पडदा. खांब कोणतंही छत पेलत नाही आणि पडदा पुष्कळदा उघड्यावरच फडफडतो. घराण्याच्या जुनेपणाची ही खूण अस्सल इंग्रजी वाटते. माझ्या मते ती इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या सावकारांची आहे.

१६०६ साली चित्रकार रूबेन्सने जिनोव्हात ब्रिजिडा स्पिनोला डोरिया हिचं चित्र रंगवलं. नवी नवरी, पांढरं सॅटिन, मागे महालाचे खांब आणि उसळता लाल पडदा. आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असलेलं हे चित्र कडांनी कापलेलं आहे, पाय गेले, मागचा देखावा गेला; तरी मांडणी पुरी ओळखू येते. तिथे ती दिखाऊ नव्हती. जिनोव्हाचे सरदार स्पेनच्या राजाला कर्ज पुरवत आणि त्यांच्या महालांना खरोखरच असे खांब नि सज्जे होते.

१६२१ मध्ये चित्रकार व्हॅन डाइक तिथे पोचला. त्याची एलेना ग्रिमाल्डी कात्तानेओ (१६२३) अशाच उंच खांबांपुढून चालत येते. १६३२ मध्ये तो लंडनला गेला आणि खांब बरोबर घेऊन गेला. विल्टन हाऊस या हवेलीत त्याने काढलेलं पेम्ब्रोक कुटुंबाचं अवाढव्य चित्र ६० फूट लांब दालनाची एक भिंत व्यापून आहे. पुढे रेनॉल्ड्स, लॉरेन्स, विंटरहाल्टर या चित्रकारांनीही तोच खांब उचलला.

काहींच्या मते हा खांब म्हणजे धैर्याचं प्रतीक. रिपाच्या ‘इकोनोलोजिया’ या प्रतीकांच्या कोशात धैर्यदेवता खांबाला टेकून उभी असते, हे खरं. पण मग लाल पडदा कशाचा? त्याचं उत्तर या मतात नाही. जिनोव्हात दोन्ही एकत्र सापडतात. दुसरं मत असं की चित्रकाराने हवेलीतलाच खांब रंगवला. पण व्हिक्टोरियाच्या काळात कित्येक उमरावांनी गॉथिक धाटणीच्या हवेल्या बांधल्या, तरी चित्रातले खांब रोमनच राहिले.

खरं कारण भिंतीवर होतं, असं मला वाटतं. सासरच्या दिवाणखान्यात दोनशे वर्षांच्या सासवा आधीच टांगलेल्या. नव्या सुनेला त्या रांगेत शोभायचं, तर मागे तोच खांब हवा. कारखानदारीतून वर आलेल्या घरांनी तर तो अधिकच हौसेने मागितला असणार, कारण त्यांच्याकडे जुन्या सासवाच नव्हत्या.

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने छोट्या फोटोकार्डाचं पेटंट घेतलं आणि खांब स्टुडिओत शिरला, चक्क गालिच्यावर उभा राहिला. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत नऊवारीतल्या पणजीमागे रंगवलेला खांब आणि पडदा दिसतो, तो याच वाटेने आला. घराण्याचं जुनेपण दाखवणारी ही वस्तू प्रत्येकाने उसनीच आणली. अस्सल होती ती फक्त जिनोव्हात.