ख्रिस्तपुराण आणि खिशातील बायबल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या गर्दीच्या लोकलगाडीत ग्रंथ उघडायला जागा नसते. आपली मुले उभ्यानेच मोबाइलवर शुभवर्तमान वाचतात. हे योग्य काय, असे वडीलधारी मंडळी आम्हांस विचारतात. उत्तर आम्ही इतिहासात शोधतो.

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण जगले. कारण भाविकांनी त्याच्या नकला उतरल्या, चर्चमध्ये व घरी ते मोठ्याने म्हटले. त्या हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली ते मंगळूरला पुन्हा छापले गेले. देवनागरीत ते १९५६ साली आले.

छापील प्रती लोपल्या, शब्द मात्र वाचणाऱ्यांनी व ऐकणाऱ्यांनी राखला. म्हणून मोबाइलचे आम्हांस भय नाही. भय आहे ते मुक्या, एकट्याच्या वाचनाचे. प्रिय कुटुंबीयहो, गाडीत वाचलेला उतारा सायंकाळी रोझरीनंतर घरात मोठ्याने वाचा. आजीलाही तो ऐकू येऊ द्या.