एकच प्रत असलेली माणसे

कोतवाल बुक म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुलाच्या जातपडताळणीसाठी पणजोबाची नोंद हवी असते. ती जुन्या काळातली हवी असते आणि सापडते ती तहसिलीतल्या पिवळ्या पडलेल्या, कडा झडलेल्या कोतवाल बुकात. आमच्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारी तलावाच्या पाण्याचा वाद निघाला, तर वाजिब-उल-अर्जची नक्कल काढतात. जुना कागद कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, हे लाखनीच्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. आज मला अशाच जुन्या कागदांबद्दल बोलायचे आहे. हे कागद आहेत इंग्रजांनी स्वतःसाठी बांधलेल्या चर्चमधले.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. चर्चच्या वह्यांशी तुमचे काय नाते, असे कुणी विचारील. नाते नावांचे आहे. आमच्याकडे निकाह लागतो तेव्हा काझीसाहेब वहीत नवरा-नवरीची नावे, वडिलांची नावे, मेहरची रक्कम, वकील आणि साक्षीदार लिहितात आणि खाली सह्या घेतात. चर्चचा पाद्रीही हेच करीत आला. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन वह्या. माणूस आला, त्याने घर मांडले, माणूस गेला. सगळे आयुष्य तीन ओळींत.

आपल्या भागात हे चर्च फौजेच्या मागोमाग आले. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. पुढे १८२१ मध्ये कामठीला छावणी पडली. तिथली पलटण मद्रासच्या फौजेची होती. गोऱ्या शिपायांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी कंपनी सरकार पगारी पाद्री नेमत असे. भोसल्यांचे राज्य खालसा झाले १८५४ मध्ये. पण नागपूरच्या सदर भागातले ऑल सेंट्स चर्च त्याआधीच, १८५१ च्या सुमारास उभे राहिले होते. ते बांधले मद्रास इंजिनिअर्सच्या रिचर्ड सँकी यांनी. बेंगळुरूचा सँकी तलाव याच सँकींच्या नावाचा. पुढे १८७९ मध्ये जॉर्ज बॉडली या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ते वाढवण्यात आले. १९०३ मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाले आणि हे चर्च कॅथीड्रल झाले. आयर चॅटर्टन हे ते पहिले बिशप. त्यांनी १९१६ मध्ये गोंडवनाच्या इतिहासावर पुस्तकही लिहिले.

आता वह्यांकडे वळू. कंपनीचा कारभार कागदावर चालणारा. पाद्री आपल्या वहीची नक्कल ठरल्या मुदतीने वर पाठवी. ती बंगाल, मद्रास किंवा मुंबई इलाख्याच्या मुख्य ठाण्याला जाई आणि तिथून लंडनला. इंडिया ऑफिसचे ते सारे दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. कामठीत मेलेल्या शिपायाचा शोध घेणाऱ्याला म्हणूनच मद्रासच्या याद्याही चाळाव्या लागतात. २०१४ पासून यातल्या लाखो नोंदी संगणकावर पाहता येतात. इंग्लंडमधल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या नातवाला आपला पूर्वज घरबसल्या सापडतो.

पण या नकलांमध्ये कोण होते? प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसे. भारतीय ख्रिस्ती माणसांच्या नोंदी त्यांत फार थोड्या. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही भारतीय ख्रिस्तींसाठी वेगळा विभाग होता. म्हणजे साहेबाच्या लग्नाची एक प्रत इथे आणि दुसरी लंडनला. त्याच चर्चमध्ये त्याच्या खानसाम्याच्या मुलीचे लग्न लागले असेल, तर तिची नोंद बहुधा इथल्या वहीतच राहिली.

दगडांचेही तसेच. ओ. एस. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या थडग्यांवरचे लेख गोळा केले. ती यादी १९३२ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची काळजी घेणारी एक संस्था १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाली. चांगलीच कामे ही. पण ज्याच्या कबरीवर दगडच नव्हता, त्याचे नाव कुठल्या यादीत येणार? त्याचा दगड म्हणजे दफनाच्या वहीतली एक ओळ.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. साहेबांची अँग्लिकन परंपरा आणि स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये इथे सुरू केलेल्या स्कॉटिश मिशनची परंपरा एका छपराखाली आली. त्यांच्या वह्यांचा वारसाही असा एकत्र झाला.

या वह्यांचे शत्रू आपल्या ओळखीचे आहेत: वाळवी, कसर, पावसाळ्याची ओल आणि गळके छप्पर. जुनी शाई लोहयुक्त असते, ती वर्षानुवर्षे कागद खाते. शिवाय आपला अतिउत्साह आहेच. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे किंवा पान प्लॅस्टिकमध्ये बंद करणे, यासारखे नुकसान नाही. त्यापेक्षा वही सुती कापडात बांधावी, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावी. पानांची छायाचित्रे घ्यावीत, नावांची सूची करावी आणि छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. हयात माणसांच्या नोंदी मात्र सर्वांसाठी खुल्या करू नयेत. ती त्यांची खासगी बाब आहे. जिथे सांभाळणारे कुणी उरले नाही, तिथल्या वह्यांसाठी राज्य पुराभिलेख विभागाची नागपूर शाखा किंवा बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजचे अभिलेखागार यांचा सल्ला घेता येईल.

'इंग्रज गेले, त्यांचे कागद कशाला जपायचे?' असे म्हणणारे भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की इंग्रजांचे कागद इंग्रजांनी जपले आहेत. इथली वाळवी जो कागद खाते आहे, तो आया, खानसामा, माळी आणि शाळामास्तर यांचा आहे. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. तुमच्या गावात जुने चर्च असेल, तर तिथल्या पाद्रीसाहेबांना एकदा भेटा आणि वह्या कुठे, कशा ठेवल्या आहेत, ते विचारा. येत्या पावसाळ्याआधी विचारलेत तर फार बरे.