पुसणे (क्रियापद)

पुसणे हे मराठीतील एक जुने क्रियापद होय. ‘प्रश्न करणे’ आणि ‘पाणी, डाग, धूळ निपटून काढणे’ असे त्याचे दोन अर्थ आढळतात. मात्र मुळात ही दोन भिन्न क्रियापदे आहेत.

पहिले संस्कृत ‘प्रच्छ्’ धातूपासून प्राकृत ‘पुच्छइ’ या रूपाद्वारे आले. प्राकृत ‘मच्छ’चा ‘मासा’ झाला, त्याच रीतीने येथेही ‘च्छ’चा ‘स’ झाला. फारसी ‘पुर्सीदन’ व जर्मन ‘फ्रागेन’ ही याच कुळातील दूरची भावंडे. दुसरे ‘प्रोञ्छ्’ (पुसून काढणे) या धातूपासून आले. हिंदी-उर्दूत ‘पूछना’ व ‘पोंछना’ वेगळी राहिली, मराठीत उच्चार एक झाला. १९४८ पर्यंत निझामी राजवटीत असलेल्या नांदेड-लातूर भागात उर्दू कानांवरून गेलेली असल्याने हा भेद समजावणे सोपे जाते.

ज्ञानेश्वरी (शके १२१२) व लीळाचरित्र या ग्रंथांत ‘पुसणे’ म्हणजे बहुधा प्रश्न करणेच. आजचा विद्यार्थी तेथे हमखास अडखळतो, कारण ही जागा पुढे ‘विचारणे’ने घेतली. ‘विचारणे’चा मूळ अर्थ मात्र ‘विचार करणे’ असा होता. ‘विचारपूस’ या शब्दात जुने व नवे शेजारी नांदतात. ‘त्याला कोण पुसतो?’ हा प्रयोग ग्रामीण समजला जातो. वास्तविक तो अधिक जुना आहे. ‘तोंडाला पाने पुसणे’, ‘कुंकू पुसणे’ हे वाक्प्रचार दुसऱ्या क्रियापदाचे होत.