भूमध्य समुद्राकाठी वास्तव्य : स्पेनमधील तोरेव्हिएखा शहर आणि भारतीयांसाठीचे नियम

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील तोरेव्हिएखा हे आलिकांते प्रांतातील शहर मिठागरे, गुलाबी छटेचे खारे सरोवर आणि परदेशी रहिवाशांची मोठी वस्ती यांसाठी ओळखले जाते. शहराची नोंदणीकृत लोकसंख्या ९० हजारांहून अधिक असून त्यातील सुमारे निम्मे रहिवासी परदेशी नागरिक आहेत. अशा शहरात घर विकत घेतले की तेथे राहण्याचा हक्क मिळतो, असा समज भारतात अजूनही आढळतो. प्रत्यक्षात स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीवर वास्तव्य परवाना देणारी ‘गोल्डन व्हिसा’ योजना स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून बंद केली. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या परदेशी व्यक्तीचे स्थान तीन नोंदींवर ठरते : व्हिसा, परदेशी नागरिकाचे ओळखपत्र आणि नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीतील नाव.

शहराची पार्श्वभूमी

तोरेव्हिएखा या नावाचा अर्थ ‘जुना बुरूज’ असा आहे. टेहळणी बुरुजाभोवती वसलेले हे गाव मच्छीमार आणि मिठागरांतील कामगारांचे होते. मार्च १८२९ मधील भूकंपात ते जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले. त्यानंतर सरळ रस्ते आणि ठेंगणी घरे अशा आखणीने त्याची पुनर्रचना करण्यात आली. येथील मीठ जहाजांनी क्यूबाला जात असे. परतणाऱ्या खलाशांबरोबर ‘हाबानेरा’ हा गीतप्रकार आला, असे मानले जाते. या गीतांची स्पर्धा १९५५ पासून येथे भरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपातील निवृत्तांनी येथे घरे घेण्यास सुरुवात केली आणि मिठाच्या जोडीने बांधकाम हा मोठा व्यवसाय बनला. ब्रिटिश आणि स्कँडिनेव्हियन नागरिकांबरोबर रशियन, युक्रेनियन आणि मोरोक्कन रहिवासीही येथे मोठ्या संख्येने आहेत. भारतीयांची संख्या मात्र अल्प आहे. स्पेनमधील जुना भारतीय समाज प्रामुख्याने सिंधी व्यापाऱ्यांचा असून तो कॅनरी बेटे, मालागा, सेउता आणि मेलिया येथे स्थिरावला आहे.

प्रवेशाचे मार्ग

पर्यटक म्हणून शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या इलेक्ट्रॉनिक नोंद प्रणालीमुळे ही गणना पासपोर्टवरील शिक्क्यांऐवजी संगणकावर होऊ लागली आहे. याहून अधिक काळ राहण्यासाठी राष्ट्रीय दीर्घकालीन व्हिसा आवश्यक असतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईतील स्पेनच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात.

निवृत्त किंवा स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी ‘बिगर-अर्थार्जन’ व्हिसा आहे. त्यासाठी स्पेनच्या सार्वजनिक उत्पन्न निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. २०२५ मध्ये हा निर्देशांक दरमहा ६०० युरो होता. त्यानुसार मुख्य अर्जदारासाठी वर्षाला २८,८०० युरो आणि कुटुंबातील प्रत्येक अतिरिक्त व्यक्तीसाठी ७,२०० युरो, म्हणजे पती-पत्नीसाठी ३६,००० युरो इतकी रक्कम होते. या व्हिसावर नोकरी किंवा व्यवसाय करण्यास मनाई आहे.

परदेशातील कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांना २०२२ च्या स्टार्टअप कायद्याने वेगळा मार्ग खुला केला. अर्जदाराचे उत्पन्न स्पेनमधील किमान वेतनाच्या किमान दुप्पट असावे लागते. पदवी किंवा तीन वर्षांचा कामाचा अनुभव, त्या कंपनीशी किमान तीन महिन्यांचा संबंध आणि सामाजिक सुरक्षेची सोय या अन्य अटी आहेत.

दोन्ही मार्गांसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि वैद्यकीय विमा यांसारखी कागदपत्रे लागतात. भारतातून मिळालेल्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का आणि अधिकृत अनुवादकाने केलेला स्पॅनिश अनुवाद आवश्यक असतो.

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांची स्थिती वेगळी आहे. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून त्यांना व्हिसा लागत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ राहायचे असल्यास त्यांनी नोकरी, व्यवसाय किंवा पुरेसे उत्पन्न दाखवून नोंदणी करणे पुरेसे असते. याउलट ब्रिटिश नागरिकांना ब्रेक्झिटनंतर भारतीयांप्रमाणेच व्हिसाच्या रांगेत यावे लागले आहे.

नगरपालिकेतील नोंद

स्पेनमध्ये पोहोचल्यावर एका महिन्याच्या आत राष्ट्रीय पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. या पत्रावरील परदेशी नागरिक क्रमांक बँक खाते, करभरणा आणि घरखरेदी अशा प्रत्येक व्यवहारात विचारला जातो.

दैनंदिन जीवनात तितकीच महत्त्वाची नोंद म्हणजे ‘पाद्रोन’, अर्थात नगरपालिकेची रहिवासी नोंदवही. भाडेकरार किंवा खरेदीखत दाखवून तिच्यात नाव दाखल केले जाते. मुलांचा शाळाप्रवेश, सार्वजनिक आरोग्यसेवेचे कार्ड आणि वास्तव्याचा पुरावा यांसाठी हीच नोंद ग्राह्य धरली जाते. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना नसलेल्या बिगर-युरोपीय नागरिकांना दर दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेल्यास नाव वगळले जाते. नगरपालिकांना मिळणारा सरकारी निधी नोंदीत लोकसंख्येशी निगडित असल्याने किनाऱ्यावरील नगरपालिका रहिवाशांना नाव नोंदवण्याचे आवाहन करीत असतात.

घर आणि भाडे

किनारपट्टीवरील भाड्याच्या घरांत दोन प्रकारचे करार आढळतात. कायम निवासाच्या करारात मालक व्यक्ती असल्यास भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत, तर मालक कंपनी असल्यास सात वर्षांपर्यंत संरक्षण असते. हंगामी कराराला हे संरक्षण नसते. अनेक घरे सप्टेंबर ते जूनपर्यंत हंगामी करारावर दिली जातात आणि उन्हाळ्यात पर्यटकांसाठी जास्त दराने रिकामी करून घेतली जातात. वर्षभर राहू इच्छिणाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी हा फरक तपासणे गरजेचे ठरते.

घरखरेदी नोटरीसमोर होते. त्यापूर्वी मालमत्ता नोंदणी कार्यालयातून उतारा घेऊन कर्ज आणि बोजा तपासला जातो. कर, नोटरी व नोंदणी मिळून किमतीच्या सुमारे १० टक्के किंवा त्याहून अधिक खर्च येतो. त्यानंतर वार्षिक मालमत्ता कर आणि इमारतीच्या मालक-संघाची वर्गणी भरावी लागते.

घरांच्या टंचाईमुळे परदेशी खरेदीदार हा स्पेनमध्ये राजकीय वादाचा विषय झाला आहे. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाबाहेरील अनिवासी खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. एप्रिल २०२५ मध्ये वाढत्या भाड्याविरोधात देशातील अनेक शहरांत मोर्चे निघाले. हॉटेल आणि दुकानांत काम करणाऱ्या स्थानिकांना स्वतःच्याच गावात घर परवडत नाही, ही आंदोलकांची मुख्य तक्रार आहे.

हवामान, पाणी आणि प्रवास

उन्हाळा कोरडा व उष्ण, तर हिवाळा सौम्य असतो. मात्र सुटीसाठी बांधलेल्या अनेक घरांत उष्णता देणारी मध्यवर्ती यंत्रणा नसल्याने जानेवारीत घरात ओल आणि गारवा जाणवतो. पाऊस थोडा, पण शरद ऋतूत तो काही तासांत कोसळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सेगुरा नदीच्या खोऱ्यात मोठा पूर आला होता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी शेजारच्या व्हॅलेन्सिया प्रांतातील अतिवृष्टीत २०० हून अधिक लोकांचा बळी गेला. त्यामुळे तळमजल्यावरील घर घेताना पूरप्रवण क्षेत्राचा नकाशा पाहिला जातो. पिण्याचे पाणी आणि शेती यांसाठी हा भाग तागुस नदीतून कालव्याने येणाऱ्या पाण्यावर आणि समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवर अवलंबून आहे. अशा प्रकल्पांपैकी एक मोठा प्रकल्प तोरेव्हिएखातच आहे.

शहरात रेल्वे नाही. जुन्या लोहमार्गावर आता सायकलवाट आहे. आलिकांते विमानतळ सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. भारतीय वाहन परवाना स्पेनच्या परवान्यात बदलून मिळत नाही. वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनंतर स्पॅनिश परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा इंग्रजीतूनही देता येते. कार्यालयीन कामकाज मात्र स्पॅनिशमध्येच चालते.

आरोग्य आणि कर

बिगर-अर्थार्जन व्हिसावर आलेल्यांना खासगी विमा सक्तीचा आहे. एक वर्षाच्या वास्तव्यानंतर विशेष करार करून सार्वजनिक आरोग्यसेवा घेता येते. त्यासाठी ६५ वर्षांखालील व्यक्तीला दरमहा ६० युरो, तर त्यावरील व्यक्तीला १५७ युरो भरावे लागतात. या शुल्कात बाह्यरुग्णांच्या औषधांचा खर्च समाविष्ट नसतो.

एका वर्षात १८३ दिवसांहून अधिक काळ स्पेनमध्ये राहणारी व्यक्ती तेथील कर-निवासी ठरते आणि तिच्या जगभरातील उत्पन्नाचे विवरण तेथे द्यावे लागते. भारतातील भाडे, व्याज आणि निवृत्तिवेतनही त्यात येते. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार दोन्ही देशांत आहे. परदेशातील बँक खाती, गुंतवणूक किंवा स्थावर मालमत्ता यांपैकी एखाद्या गटाचे मूल्य ५० हजार युरोंहून अधिक असल्यास त्याची स्वतंत्र माहिती सादर करावी लागते. भारतातून रक्कम नेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात कमाल २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. अनिवासी झाल्यावर भारतातील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते.

नागरिकत्व आणि मताधिकार

पाच वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर दीर्घकालीन परवाना मिळू शकतो. नागरिकत्वासाठी भारतीयांना दहा वर्षे, तर पोर्तुगीज नागरिकांना दोन वर्षे वास्तव्याची अट आहे. अर्जदाराला भाषा आणि देशाविषयीच्या माहितीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने स्पॅनिश नागरिकत्व स्वीकारणाऱ्याला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर त्याला परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी अर्ज करता येतो.

स्पेनमधील नगरपालिका निवडणुकीत युरोपीय संघाचे आणि परस्पर करार असलेल्या देशांचे नागरिक मतदान करू शकतात. भारताशी असा करार नाही. परिणामी पाद्रोनमध्ये नाव असलेला भारतीय रहिवासी नगरपालिकेच्या लोकसंख्येत आणि निधीच्या हिशेबात मोजला जातो, तिचे करही भरतो, परंतु नागरिकत्व मिळेपर्यंत तिच्या कारभाऱ्यांच्या निवडीत त्याला मत नसते.