कार्बन व्हीलवरच्या लोगोचा रंग का उडतो, आणि कुठला डाग खरंच धोक्याचा?

दोन वर्षांपूर्वी मी नागपुरातच सेकंड हँड कार्बन व्हील्सची जोडी घेतली. ५० मिलिमीटर खोल रिम, रिम ब्रेकवाली. डाव्या बाजूचा लाल लोगो फिकट नारिंगी झाला होता, उजव्या बाजूचा मात्र लालभडक. "गाडी घरातच असायची," असं विकणारा म्हणाला. उडालेल्या रंगावरून मी घासाघीस केली, दोन हजार कमी करून घेतले आणि खुशीत घरी आलो.

खरी भानगड वेगळीच निघाली. मागच्या रिमच्या ब्रेक ट्रॅकवर दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा होता. मी तो मळ समजून सोडून दिला होता. लोगोचा रंग उडाला तर फक्त शोभा जाते, पण त्या पट्ट्यावर माझी मान अवलंबून होती. म्हणून हा लेख: रंग बदलतो म्हणजे नक्की काय होतं, आणि कुठला बदल सोडून द्यायचा, कुठला नाही.

आधी लोगो रिमवर बसतो कसा ते बघू

तीन पद्धती जास्त दिसतात.

- वरून लावलेला विनाइल स्टिकर. कडेला नख लावलं की उंचवटा जाणवतो. हा काढता येतो. एन्व्हेसारख्या कंपन्या वेगवेगळ्या रंगांचे बदली स्टिकर विकतात.
- क्लिअर कोटच्या खालचा डेकल. वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, त्यामुळे नखाला काहीच लागत नाही. हा काढायचा म्हणजे लॅकर घासावं लागणार. त्या वाटेला जाऊ नका.
- थेट छपाई. झिपने 'इम्प्रेस' या नावाने वापरलेली पद्धत ही अशीच, शाई सरळ रिमवर. इथे वेगळा स्टिकर नसतोच.

कुठलाही उपाय करण्याआधी आपला लोगो यातला कुठला ते ठरवा.

रंग उडतो म्हणजे काय होतं?

घरातलं उदाहरण घ्या. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला की आई शर्ट धुऊन उन्हात घालते आणि डाग जवळपास नाहीसा होतो. हळदीतल्या करक्युमिनचे रेणू उन्हाने तुटतात, आणि तुटलेला रेणू पिवळा दिसत नाही. लोगोच्या शाईचंही हेच होतं, फक्त सावकाश.

जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांची तरंगलांबी साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर असते. कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा साधारण ३४५ नॅनोमीटरच्या प्रकाशकणात असते. म्हणजे सेंद्रिय रंग तोडायला ऊन पुरेसं आहे. पण सगळे रंग सारख्या वेगाने जात नाहीत:

- फ्लोरोसंट रंग सगळ्यात आधी जातात.
- छापील शाईतले पिवळा आणि मॅजेंटा सहसा निळ्याच्या आधी फिके पडतात. छापील लाल हा या दोघांच्या मिश्रणातून बनतो. त्यातला मॅजेंटा आधी गेला की लालाचा नारिंगी होतो. माझ्या लोगोचं हेच झालं.
- काळा टिकतो, कारण त्यात बहुधा कार्बन ब्लॅक असतं.
- पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड उडत नाही. पांढरा पिवळट झाला तर बहुतेक वेळा दोष रंगाचा नसून विनाइलचा, गोंदाचा किंवा वरच्या लॅकरचा असतो.

कार्बन फायबरला उन्हाचं फारसं काही वाटत नाही. त्याला बांधून ठेवणारं इपॉक्सी मात्र उन्हात पिवळं पडतं, म्हणून वर अतिनील किरण शोषणारा क्लिअर कोट देतात. तो थरही हळूहळू खर्च होत असतो.

नागपूरच्या उन्हात वेग का वाढतो?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नवतपात तर विचारूच नका. हे झालं सावलीतल्या हवेचं तापमान. उन्हातली काळी रिम त्याहून बरीच तापते, आणि बंद कारच्या डिकीत ठेवलेली चाकंही भाजून निघतात. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. किरण रेणू तोडतात आणि उष्णता पुढचं काम लवकर उरकते.

"माझी सायकल तर खिडकीच्या आत असते" हा युक्तिवादही चालत नाही. साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत सोडते.

आता माझ्या चाकांची गोष्ट जुळवून पाहा. डावी बाजू फिकी आणि उजवी ठीक, म्हणजे सायकल महिनोन् महिने एकाच कुशीवर उन्हाकडे तोंड करून उभी होती. पुढच्या चाकाचा खालचा भाग डाव्या बाजूलाही लाल राहिला होता, बहुधा कठड्याच्या सावलीत असल्यामुळे. विकणारा खोटं बोलला नव्हता, सायकल घरातच होती. फक्त बाल्कनीत.

कुठला बदल कशाचा?

- दोन बाजूंत फरक, रंग फिका: ऊन. फक्त दिसण्याचा प्रश्न.
- पांढरट ठिपके: कूलरजवळ सायकल ठेवता का? बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून बसतात. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. गेले तर क्षारच होते.
- स्टिकरच्या कडेला काळी रेघ: विनाइल आकसलं, उघड्या गोंदावर धूळ बसली.
- लोगो चिकट किंवा पसरलेला: सॉल्व्हंट लागलंय. ऑरेंज डिग्रीझर 'नैसर्गिक' म्हणून निर्धास्त वापरू नका. त्यातलं लिमोनीन आपल्या संत्र्याच्या सालीत असतं तेच, आणि ते गोंद विरघळवतं. डीट असलेले डास पळवणारे स्प्रेही विनाइल आणि रंग खराब करतात.
- ब्रेक ट्रॅकवर तपकिरी पट्टा, फुगवटा, भेग किंवा लॅकरखाली बुडबुडा: थांबा. ब्रेकच्या उष्णतेने रेझिन मऊ झालेलं असू शकतं. नागपूर सपाट आहे, पण चिखलदऱ्याच्या घाटातून सतत ब्रेक धरून उतरलेलं चाक इथेही विकायला येतं.

शेवटच्या प्रकारात ब्रेक ट्रॅकची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने चाकभर मोजा. एखाद्या जागी फुगलेली दिसली तर चाक वापरायचं नाही. नाण्याने हलकं वाजवून पाहा. बाकी ठिकाणी टणक आवाज आणि एकाच जागी बद्द आवाज येत असेल तर आत थर सुटलेले असू शकतात. पण आवाज चांगला आला म्हणून चाक पास झालं असं नाही. माझ्या मागच्या रिममध्ये मेकॅनिकला कॅलिपरने फुगवटा सापडला. ती रिम आता भिंतीवर टांगलेली आहे.

बदल मोजायचा असेल तर

डोळ्यांना हळूहळू सवय होते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी फोटो काढा. जागा तीच, सावली तीच, लोगोशेजारी पांढरा कागद, फोनचं व्हाइट बॅलन्स लॉक. कागदाच्या आधाराने फोटो दुरुस्त करून लोगोचा रंग 'लॅब' या रंगपद्धतीत काढा आणि दोन फोटोंमधलं अंतर मोजा. त्याला डेल्टा ई म्हणतात. जुन्या १९७६ च्या सूत्राने साधारण २.३ च्या पुढचा फरक डोळ्यांना जाणवतो. फोनची अचूकता प्रयोगशाळेची नसते, पण रंग कुठल्या दिशेने सरकतोय ते कळतं.

नवा स्टिकर लावायचा असेल तर

१. जुना स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करा आणि आडवा, सावकाश ओढा. हीट गन नको.
२. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने थोडा थोडा पुसा. मला बर्डीत एकाने सरळ थिनर मारायला सांगितलं होतं. थिनर, ॲसिटोन, पेंट रिमूव्हर यातलं काहीही नको, त्याने क्लिअर कोट जातो.
३. रेडियमवाल्याकडून स्टिकर बनवून घेताना 'कास्ट' विनाइल मागा. 'कॅलेंडर्ड' स्वस्त असतं, पण जास्त आकसतं. छपाई असेल तर वर यूव्ही लॅमिनेशन करून घ्या.
४. शक्य असेल तिथे छापील रंगाऐवजी मुळातच रंगीत असलेल्या विनाइलमधून अक्षरं कापून घ्या.
५. शाईचा टिकाऊपणा विचारा. ब्लू वूल नावाची १ ते ८ अशी मोजपट्टी असते, ८ म्हणजे सर्वात टिकाऊ. ७ किंवा ८ असेल तर उत्तम.

पॉलिश किंवा वॅक्स लावणार असाल तर ब्रेक ट्रॅक आणि डिस्क रोटरपासून लांब ठेवा. तिथे लागलं तर ब्रेकच लागणार नाही.

थोडक्यात

सायकलवर सुती चादर टाका, दर आठवड्याला तिची बाजू बदला आणि चाकं कारमध्ये विसरू नका. रंग त्यानंतरही थोडाफार उडेल, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. सेकंड हँड चाक बघताना मात्र आधी ब्रेक ट्रॅक बघा, लोगो नंतर. मी उलट केलं होतं, आणि दोन हजार वाचवल्याच्या आनंदात तेच चाक घेऊन घाटात जाणार होतो.